कच्चा ढावलो

प्रेमदास पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा मला वाटलं, तो चुकीच्या दारी आला आहे. आखाडा बाळापूरच्या वाचनालयात मी नोकरीभर पुस्तकं देत-घेत आलो होतो; शिकवलं कधी कुणाला नव्हतं. निवृत्त झाल्यापासून तर घराबाहेर पडायलाही मला निमित्त शोधावं लागे. त्याने दारात चपला काढल्या आणि म्हणाला, "गुरुजी, माझ्या दोन पोरी घरी बसून हाईत. त्यांना शिकवता का?"

मी गुरुजी नाही, असं मी त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला की इतकी पुस्तकं ज्याच्या हाताखालून गेली त्याला गुरुजी नाही तर काय म्हणायचं. पुस्तकं हाताखालून जातात आणि माणूस होता तिथेच राहतो, हे मला माहीत होतं, पण ते त्याला कसं सांगणार?

प्रेमदासचा तांडा, बंजाऱ्यांची वस्ती, कालव्याच्या पलीकडे होता. तांड्यावर चौथीपर्यंत शाळा होती. पुढे शिकायचं तर बाळापूरला यावं लागे. दुसऱ्या एका तांड्यावरची मुलगी शाळेतून परस्पर कुणाबरोबर तरी निघून गेली, तेव्हा इकडच्या तांड्याचे प्रमुख, नायक रामसिंग यांनी माणसं बसवली आणि ठरवून टाकलं की आपल्या पोरींनी चौथीनंतर तांड्याबाहेर शिकायला जायचं नाही. प्रेमदासची थोरली संगिता तेव्हा आठवी पास झाली होती. ती घरी बसली. तीन-चार वर्षांनी धाकटी पुजा चौथी झाली आणि तीही बसली. प्रेमदासने नायकाशी भांडण केलं नाही. पोरी बाहेर जाणार नाहीत, मास्तर आत येईल, अशी त्याने वाट काढली. संगिताने बाहेरून दहावीला बसायचं आणि पुजाने घरीच पुढची पुस्तकं शिकायची, असं ठरलं. नायकाने मास्तर कोण ते विचारलं. माझं नाव ऐकल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही. मला पाहून कुणाला काळजी वाटावी असं माझ्यात काही नव्हतंच.

माझी बहीण गंगूताई माझ्याकडेच राहते. ती ऐकून हसली. "बंडू, दुकानात हळदीचा भाव विचारायचा तर तू माझ्या मागं उभा राहतोस. आणि तू शिकवणार?"

तिने थट्टा केली होती, पण मला ती खरी वाटली. तरी मी गेलो. नाही म्हणायला जास्त धीर लागला असता.

शिकवणी दुपारी असायची. मी ओसरीवर सतरंजीवर बसायचो आणि मुली उंबऱ्याच्या आत. हे कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवशी तसे बसलो आणि मग तसंच चालू राहिलं. आत चुलीजवळ त्यांची आई निर्मलाबाई काही ना काही करत असायची, आणि दाराच्या बाजूला भिंतीला टेकून प्रेमदासची आई, दादी. दादीला कमी दिसायचं, ऐकायला मात्र सगळं यायचं. घरात त्या सगळ्या गोरमाटी बोलायच्या, माझ्याशी मराठी.

गणित आणि विज्ञान मी पुस्तकात पाहून कसंबसं निभावलं. मला वाटलं होतं, कविता तरी मी नीट शिकवेन. ती आवडीची गोष्ट होती. तरुणपणी मी स्वतः कविता लिहून दिवाळी अंकांकडे पाठवत असे. त्या परत येत, आणि मला ते रास्तही वाटे. पण झालं भलतंच. संगिताला पाठ्यपुस्तकातल्या सगळ्या कवितांचे भावार्थ तोंडपाठ होते. विचारलं की ती डोळे न हलवता म्हणून टाकायची, आणि कविता कोणती ते सांगायला विसरायची. पुजा जांभया द्यायची. एकदा मी फार जीव ओतून एक कविता वाचली, आवाज कापायला लागला, तर पुजाने विचारलं, "गुरुजी, गळ्यात काही अडकलं का?"

दोन-तीन महिने असेच गेले. प्रेमदासला सांगून सोडून द्यावं, असं मी रोज ठरवायचो आणि रोज कालवा ओलांडायचो.

एके दिवशी शेळीने पुजाची पाढ्यांची वही खाल्ली. पुजा रागाने लाल झाली होती. शिकवणी होण्यासारखी नव्हती, म्हणून मी सहज म्हणालो की तिला जे बोलायचंय ते लिहून काढ. शाळेतल्यासारखं शेळीवर निबंध नको, शेळीलाच बोल. तिने पाटीवर लिहिलं:

शेळी, तू माझी वही खाल्लीस,
आता चौदाचा पाढा
तूच म्हण.

संगिता हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. दादीने काय आहे म्हणून विचारलं, पुजाने गोरमाटीत सांगितलं, आणि दादी इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून पुजाला नाद लागला. ती ज्याच्या-त्याच्याशी भांडायला लागली. लाइट गेली की बल्बाशी, काटा रुतला की बाभळीशी, एकदा तर माझ्या चष्म्याशी: "तू नसलास तर गुरुजी कुणाकडं बघतील?" घरातली एक वस्तू घ्यायची, तिला हाक मारायची आणि मनात असेल ते तिला सांगायचं, एवढीच आमची रीत. भावार्थ विचारायचा नाही. मी काही शोधून काढलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. शेळीने काढलं होतं. पण मी जाताना आता पावलं लवकर उचलायचो, हे गंगूताईच्या लक्षात आलं होतं.

संगिता मात्र लिहीत नसे. लिहिलं तरी पुसून टाकी. परीक्षा मार्चमध्ये होती आणि ती सारखी भूमितीत डोकं घालून बसलेली असे. परीक्षेला तरी तिला घराबाहेर पाऊल टाकता येणार होतं, बाळापूरच्या केंद्रावर, बापाला बरोबर घेऊन. ती त्याबद्दल एखाद्या मोठ्या प्रवासासारखी बोलायची. पहिल्या दिवशी कोणत्या रस्त्याने जायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं, आणि तो लांबचा रस्ता होता.

सोयाबीन निघून गेल्यावर, कार्तिकात, एका दुपारी तिने माझ्यापुढे पाटी सरकवली आणि मान खाली घातली.

रांजणा, लहानपणी मी तुझ्या गळ्यालाही पुरत नव्हते.
आता वाकते तेव्हा तुझ्यात माझं तोंड दिसतं.
उद्या दुसरी कुणी वाकेल, तेव्हा
माझं तोंड तू कुठं ठेवशील?

मी ते किती वेळा वाचलं कोण जाणे. मी चष्मा काढून पुसला. वाचनालयात मी इतक्या कविता वाचल्या होत्या, पण अशी ताजी, खडूची पूड अजून अंगावर असलेली, कधी माझ्या हातात आली नव्हती. फक्त एवढंच म्हणालो की ही पुसू नकोस. तिने पुसली. पण तोवर मला पाठ झाली होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मला प्रेमदास भेटला. तो दोर घेत होता, बरोबर नायक रामसिंग होते. बाजारात मी कुणाशी आपणहून बोलत नाही, पण त्या दिवशी राहवलं नाही. मी त्याला बाजूला घेतलं, सांगितलं की तुमच्या मुलीने कविता केली आहे, आणि दोराच्या वेटोळ्यांमध्ये उभा राहून ती म्हणून दाखवली. प्रेमदासने पुन्हा म्हणायला लावली. नायकालाही ऐकवायला लावली. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. दोरवालाही हातातलं काम थांबवून ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामुळे बाजारात चार माणसं उभी राहिली होती, आणि मी घरी जाऊन गंगूताईला ते दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संगिता दारात बसली होती, पण पुस्तक उघडलेलं नव्हतं.

"गुरुजी, बाजारात काहून म्हणून दाखवलं तुमी?"

मी म्हणालो, चांगली होती म्हणून.

"चांगली होती म्हणूनच पुसली होती मी."

मग तिने मला सगळं सांगितलं. पुजाला तिने दादीला घेऊन मागच्या अंगणात पाठवलं होतं. आवाज खाली ठेवून, भराभर सांगितलं. तिचं लग्न उन्हाळ्यातच ठरलं होतं. मुलगा जवळा बाजारकडच्या एका तांड्यावरचा, विकास नावाचा, वाळूजला कंपनीत कामाला होता. लग्न झालं की तो तिला तिकडे नेणार होता, आणि तिकडच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की आमच्या घरी आल्यावर परीक्षा-बिरीक्षा नाही. तारीख तेवढी निघाली नव्हती. ती दादीवर अडली होती.

त्यांच्यात मुलगी सासरी निघते तेव्हा ढावलो म्हणते. आईच्या, बापाच्या, मावशीच्या, एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत म्हणायचं. ते पाठ केलेलं नसतं. चाल ठरलेली असते, शब्द मुलीने त्या-त्या वेळी जोडायचे. घराला, गाईला, रांजणाला, ज्याला सोडून जायचं त्याला हाक मारायची. लग्न ठरलं की घरातल्या म्हाताऱ्या मुलीला त्यासाठी बसवून शिकवतात. दादीचा स्वतःचा ढावलो आसपासच्या तांड्यांत अजून सांगितला जात होता. तिने बजावून ठेवलं होतं की माझी नात कच्ची रडली तर माझं नाव जाईल. हिला येत नाही तोवर मी तारीख काढू देणार नाही.

"मला येत न्हाई असंच दाखवून राहिले होते," संगिता म्हणाली. "दादी रोज बसवते. मी रोज चुकते. अन् तुमी सगळ्या बाजाराला सांगून आले की मला येतंय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की वस्तूंना हाक मारायची जी रीत मला शेळीने दिली असं मी समजत होतो, ती या घरात दुपारी मी आणि सकाळी दादी, दोघं शिकवत होतो. आणि बाजारात त्या दोघांच्या डोळ्यांत पाणी का आलं, तेही.

आता नायकाने सुचवलं होतं की पौषात बायकांनी बसून मुलीचा ढावलो ऐकावा. पक्की असली तर माघातला मुहूर्त धरायचा. कच्ची असली तर मग चैत्रानंतर.

"मला फक्त मार्च पाह्यजे, गुरुजी," ती म्हणाली. "मंग करा म्हणावं लग्न. मी कुठं न्हाई म्हणून राहिले?"

मी म्हणालो, मी प्रेमदासशी बोलतो. बोललोही. शेताच्या बांधावर उभा राहून, अर्धी वाक्यं गिळत. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुलीला अठरा पूर्ण झाली होती, मुलगा कमावता होता, व्यसन नव्हतं, आणि तांड्याला दिलेला शब्द होता. परीक्षा पुढेही देता येईल, तो म्हणाला, आणि असं म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो वाईट बाप नव्हता. दादीही वाईट नव्हती, विकासही नसेल. कुणावर बोट ठेवावं असं काही सापडत नव्हतं, आणि म्हणूनच यातून बाहेर कुठून पडायचं ते दिसत नव्हतं.

मग संगितानेच ठरवलं. बायकांपुढे कच्चं म्हणायचं. पण नुसतं अडखळून चालणार नव्हतं. बाजारातली कविता सगळ्यांना माहीत झाली होती. म्हणायचं, आणि वाईट म्हणायचं. रांजणाची ओळ गुरुजींनी लिहून दिली होती असं सगळ्यांना वाटलं पाहिजे.

"वाईट कसं करतात ते शिकवा," ती म्हणाली.

या विषयात मला अनुभव होता.

मार्गशीर्षातल्या दुपारी आमची तीच शिकवणी चालली. दादी दाराशी असली की भूमिती, आणि ती शेजारी गेली की बिघडवण्याचा अभ्यास. पहिला नियम असा की जे दिसतं तेच पुन्हा सांगायचं. संगिताने लगेच केलं: "रांजणा, तू मोठा आहेस, तुझ्यात पाणी आहे, पाणी थंड आहे." दुसरा नियम, प्रत्येक नावाला एक गोड शब्द चिकटवायचा. प्रेमळ आई, सुंदर गाय, पवित्र चूल. तिसरा मी माझ्या परत आलेल्या कवितांवरून सांगितला: शेवटी उपदेश घालायचा. पुजा उड्या मारत ओरडली, "म्हणून मुलांनो, पाणी जपून वापरा!"

आम्ही तिघं इतकं हसलो की निर्मलाबाई चुलीजवळून उठून बघायला आली. तिला काय वाटलं कोण जाणे. ती उभी राहून थोडी हसली आणि परत गेली.

एखादी ओळ बिघडवायची तर आधी ती कशाने उभी आहे ते शोधावं लागतं. कोणता शब्द काढला की सगळं कोसळतं ते मुली आता मला दाखवू लागल्या. पुजा तर एका शब्दावर बोट ठेवून म्हणायची, "हा खांब हाय. हा काढा." मला वाटतं, कविता त्यांना खरी आवडली ती त्या दिवसांत. वाचनालयात मी जन्म काढला आणि हे मला कुणी असं दाखवलं नव्हतं. पण घरी परतताना कालव्यावर माझी छाती भरून यायची ती आनंदानेच असं नाही. ज्या मुलीला ओळीतला खांब दिसतो तिला मी तो काढून टाकायला शिकवत होतो. आणि नाही शिकवलं तर तिचा मार्च जात होता. गंगूताईने एकदा विचारलं, आजकाल जेवण का जात नाही. मी म्हणालो, पोट बरं नाही.

संगिताही मधूनच थांबायची. एकदा तिने गाईवरची एक ओळ छान बिघडवली, आणि मग बराच वेळ पाटीकडे बघत बसली. मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, काही नाही, मूळची आठवत नाही आता.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी तेव्हा फारशी मनावर घेतली नाही. ढावल्यात मुलगी काहीही बोलू शकते. एरवी बापापुढे जे तोंडातून निघणार नाही ते तेव्हा बोललं तर चालतं. कुणी राग धरत नाही.

पौषात बायका बसल्या. दुपारची वेळ होती. मला बोलावणं असण्याचं कारण नव्हतं, पण प्रेमदासने मुद्दाम बोलावलं. मास्तरचाही यात वाटा आहे, असं तो नायकाला म्हणाला. मी, प्रेमदास, नायक आणि आणखी दोघे-तिघे पुरुष ओसरीवर बसलो. आत बायकांनी खोली भरली होती. दारातून मला संगिताची पाठ दिसत होती आणि तिच्यापलीकडे दादी.

आधी मावशी पुढे झाली. संगिताने तिच्या गळ्यात हात टाकले आणि चाल धरली. गोरमाटी मला थोडी कळू लागली होती. प्रेमळ मावशी, तू फार प्रेमळ आहेस, तू लाडू देतेस, लाडू गोड असतात. आत कुणीतरी खुदकन हसलं. मग काकू. काकूचं घर जवळ आहे, जवळचं घर चांगलं असतं. आता उघड हसू आलं. एक बाई म्हणाली की ही रडतेय की बाजाराला निघालीय. निर्मलाबाईच्या वेळी संगिताने आईच्या गळ्यात पडून सगळ्यांना वडीलधाऱ्यांचं ऐकण्याचा उपदेश केला, आणि खोलीभर हशा पिकला. ओसरीवर नायक खाली बघून तंबाखू मळत होते. प्रेमदासचं तोंड उतरलं होतं. मी मनात म्हणालो, झालं, मार्च मिळाला.

दादी हसत नव्हती. तिने मान थोडी वाकडी करून ठेवली होती, ऐकणारा माणूस ठेवतो तशी. मग ती म्हणाली, बापाला बोलवा.

प्रेमदास उठून आत गेला. तो उंबऱ्यापाशी खाली बसला आणि त्याने मान वाकवली. संगिता त्याच्यासमोर उभी होती. मला वाटलं ती आता म्हणेल, बा, तू कष्टाळू आहेस. तशी ओळ तयार होती, पुजाने केलेली. संगिता खाली बसली आणि तिने बापाच्या गळ्यात हात घातले.

नंतर जो आवाज आला तो मी तिचा कधी ऐकला नव्हता. शब्द मी इथे माझ्या मराठीत देतो आहे. तिचे याहून चांगले होते.

बा, गाय दिलीस तर वासरासकट देतोस,
बैल दिलास तर वेसणीसकट देतोस.
मला देऊन राहिलास,
तर माझं पुस्तक काहून मागं बांधून ठेवलंस?
रात्री ते हंबरलं, बा,
तर त्याला कोणता चारा घालशील?

हसू कुठे विरून गेलं ते कळलं नाही. ती थांबली नाही. बाळापूरचा लांबचा रस्ता तिने सांगितला, तो आता कोण चालेल म्हणून विचारलं. उंबऱ्याच्या आतून पाहिलेली माझी सतरंजी सांगितली. मार्च महिन्याला तिने हाक मारली, माणसाला मारावी तशी, आणि म्हणाली की तू दारापर्यंत येशील आणि तुला मी घरात दिसणार नाही. आत सगळ्या बायका रडत होत्या. निर्मलाबाई भिंतीला डोकं टेकून रडत होती. नायकाने तंबाखू तशीच मुठीत धरली होती. प्रेमदास मुलीच्या खांद्यावर तोंड ठेवून लहान पोरासारखा हुंदके देत होता. आणि मी, ओसरीवर, ते 'हंबरलं' कुठे येऊन बसलं आहे ते पाहत होतो. तो खांब होता. तो कुणालाही काढता आला नसता.

दादीने डोळे पुसले आणि म्हणाली, पक्की झाली.

प्रेमदास बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा खांद्यावर भिजलेला होता. त्याने माझा हात धरला. "गुरुजी, ऐकलं का? वासराचं ऐकलं का?" त्याच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता. नायक म्हणाले की म्हातारीनंतर असा ढावलो या तांड्यावर कुणी काढला नव्हता. आता माघ सोडू नका.

मी आयुष्यात फार कमी वेळा चारचौघांत बोललो आहे. तेव्हा बोललो. "प्रेमदासभाऊ, ती परीक्षा मागते आहे."

"व्हय की," तो म्हणाला. "किती खरं मागितलं लेकरानं."

"मग द्या ना तिला."

त्याने माझा हात सोडला नाही. एखाद्या परगावच्या माणसाला आपली रीत समजावून सांगावी तसा तो माझ्याशी हळू बोलला. "गुरुजी, ढावल्यात पोरी बापाला कसाई म्हणतात. बाप रडतो. मंग काय तो स्वतःला पोलिसात देतो का? रडण्याला रडणंच राहू द्या. ते चांगलं झालं, बस."

बाकीचे पुरुष माना हलवत होते. त्यांना यात काही कठोर वाटत नव्हतं. आत बायका संगिताच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडत होत्या.

जाण्याआधी मला ती दोन मिनिटं दिसली, रांजणाजवळ, पाणी पिताना. मी विचारलं, ठरल्याप्रमाणे का नाही केलं. ती म्हणाली, "सगळ्या हसून राहिल्या होत्या, गुरुजी. बा मान खाली घालून बसला. मंग वाटलं, एकदा खरं मागून तरी पाहू." तिने पेला उपडा ठेवला. "खरं लई चांगलं झालं, न्हाई?"

मी हो म्हणालो. दुसरं काही म्हणणं खोटं झालं असतं.

माघात लग्न झालं. मी आणि गंगूताई जाऊन आलो. निघताना संगिताने पुन्हा ढावलो म्हटला असेल. मंडपात इतकी गर्दी होती की मला ऐकू आला नाही, किंवा मीच फार लांब उभा राहिलो. परीक्षा सुरू झाली तेव्हा मी वाचनालयात जायला केंद्राच्या रस्त्याने जाणं टाळलं. प्रेमदास बाजारात भेटला की सांगायचा, पोरगी खुशाल आहे, वाळूजला नळाचं पाणी दिवसाआड येतं, आणि वासराची ओळ आता वसमतकडच्या तांड्यांवरही बायका म्हणतात.

मी शिकवणी सोडणार होतो. पण पुजाचं पुस्तक अर्धं राहिलं होतं, आणि नाही म्हणायला मला अजूनही जमत नव्हतं. उन्हं तापायला लागली होती. पुजा उंबऱ्याच्या आत बसली होती, शेजारची जागा रिकामी होती. मी म्हणालो, चल, आज कुणाशी भांडायचं? वाटल्यास वाळूजच्या नळाशी भांडू.

"कविता नको," ती म्हणाली. "गणित शिकवा."

"का गं?"

"गणित ऐकून कुणी रडत न्हाई."

गणित मला येत नव्हतं, तिला ते ठाऊक होतं. मी पुस्तकात पाहून पाटीवर अपूर्णांकांची उदाहरणं लिहून दिली. पहिलं सोडवताना ती आकडे मोठ्याने म्हणत होती. भिंतीला टेकून बसलेल्या दादीने मान थोडी वाकडी केली.

"हिचा आवाज मोठीपरीस चांगला हाय," ती म्हणाली.

पुजाने ओठ मिटून घेतले. पुढची सगळी उदाहरणं तिने मनातल्या मनात सोडवली.